आपली ठेव कोणाच्या कामी येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातल्याच एखादीने चार शब्द बोलावेत, असा आपला शिरस्ता आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपवले. मी काही व्याख्याने देणारी नव्हे. मंडळाचा आणि आपल्या बचत गटाचा जमाखर्च लिहिणारी मी एक बाई. तेव्हा मला बोलता येईल ते जमाखर्चाविषयीच. हिशेबाची वही वाचताना आपण जितक्या धीराने ऐकता, तितक्याच धीराने हेही ऐकाल अशी आशा आहे.

विषय मी शोधलेला नाही. तो आपल्यातूनच आला. मागे एका मासिक सभेत गटातल्या एका तरुण सुनेने विचारले, "काकू, पैसे बँकेत ठेवावेत हे पटते. पण ते पुढे कोणाला जातात? आपल्याच पैशाच्या जोरावर कोणी आपल्याच जमिनी घेत असेल, तर? पैसा बुडणार नाही आणि वाईट कामालाही लागणार नाही, अशी एखादी जागा असते का?" त्या वेळी आपण हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आज त्याचेच उत्तर मला सुचेल तसे देणार आहे.

बँक म्हणजे पैशाचे मोठे कपाट, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे ते नाही. डेअरीत घातलेले दूध जसे आपल्या कॅनमध्ये राहत नाही, तसा बँकेत भरलेला पैसा आपल्या नावाच्या खणात राहत नाही. त्यातला काही भाग नियमाप्रमाणे राखून ठेवावा लागतो. बाकीचा दुसऱ्या कोणाला तरी कर्जाने जातो. आपल्याला मिळणारे व्याज थोडे, कर्जदाराकडून घेतलेले अधिक. मधल्या फरकावर बँक चालते. यात गैर काही नाही. पण यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आपण ठेव ठेवतो तेव्हा आपण कोणाला तरी कर्ज देत असतो. कोणाला, ते मात्र आपल्याला ठाऊक नसते.

पवनेच्या काठी राहणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागू नये. १९७२ साली हे धरण पुरे झाले. पाणी येथे अडते, जमिनी येथल्या गेल्या, आणि पाणी खाली पिंपरी-चिंचवडकडे जाते. हे पाणी कोठे जाते आणि आमच्या वाट्याला किती येते, हा प्रश्न मावळाने विचारला. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जीव गेले. त्यांत एक भगिनी होती. पाण्याविषयी आपण इतकी मोठी किंमत देऊन विचारले. पण पैसाही पाण्यासारखाच खालच्या बाजूला वाहतो. खेड्यातल्या शाखेत ठेवी जमतात आणि जेथे मोठी कर्जे घेणारे असतात, तेथे, म्हणजे बहुधा शहरात, त्या वापरल्या जातात. त्याविषयी आपण कधी चकार शब्द काढला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आमच्या एका शेजारणीला धरणावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी जेवणाची सोय करावयाची होती. मोठी शेगडी, पातेली, चार टेबले, एवढेच भांडवल हवे होते. ती एका बँकेत गेली. तेथे तिला सातबारा मागितला. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यातली निम्मी जमीन पाण्याखाली. मालकांची सही आणा म्हणाले. मालक पुण्याला कामावर. ती दोन चकरा मारून गप्प बसली. याच बँकेत तिची ठेव होती, हे सांगावयास नको. तिचा पैसा बँकेला चालत होता. ती मात्र चालत नव्हती. ज्याला आपण चांगली बँक म्हणू, तिच्यात ठेवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये इतके अंतर असू नये, असे मला वाटते.

हे अंतर कमी करण्याचा खटाटोप आपल्या मुलखात फार जुना आहे. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात, सुपे येथे, शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे काढून त्यांनी ती जाळली. कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि कोर्टात तोच कागद त्याच्याविरुद्ध उभा राहत होता. १८७९ मध्ये सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो या दंग्यांमुळेच. कागद जाळून कर्ज मात्र संपत नाही. पुढच्या हंगामाला बी लागतेच आणि माणूस पुन्हा त्याच दाराशी जातो. दुसरे दार उघडणे, हाच त्यावर उपाय होता.

तसे एक दार १८८९ साली बडोद्यात उघडले. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांनी आपल्या ओळखीतल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना एकत्र करून 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. ज्याच्याजवळ चार पैसे उरतील त्याने ठेवावेत, ज्याला नड असेल त्याने घ्यावेत. सहकारी पतपेढ्यांचा कायदा देशात झाला तो १९०४ मध्ये. म्हणजे माणसे कायद्याच्या पंधरा वर्षे पुढे होती. आणि आपल्या मावळातले उदाहरण हवे असेल, तर तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काचकारखाना घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागितला, लोकमान्यांनी त्या कामाला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळाले. पैसा देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे दिसत होते. तळेगाव स्टेशनावर उतरले की दिसत होते!

परदेशातही हेच घडले आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लेव्ही नावाचे गाव आहे. तेथे १९०० साली आल्फोन्स देजार्दँ यांनी लोकांची पतपेढी काढली. नाव त्यांचे झाले. परंतु ते नोकरीनिमित्त वर्षातले कित्येक महिने राजधानीत असत, आणि त्या काळात पेढीचा कारभार त्यांची पत्नी दोरिमेन घरातूनच पाहत असे. मुलेबाळे सांभाळून ही बाई ठेवी घेई, हिशेब लिही, कर्जाच्या अर्जांवर लक्ष ठेवी. आज ती संस्था कॅनडातल्या मोठ्या आर्थिक संस्थांपैकी एक आहे. घरात बसून हिशेब लिहिणाऱ्या बाईला कोणी कमी लेखू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या बायकांच्या संस्थांकडे वळू. १९७४ हे साल यात मोठे आहे. त्या वर्षी अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या चार हजार बायांनी दहा दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. भाजीवाल्या, ओझी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या अशा त्या बाया. पुष्कळींना सही येत नव्हती, तर खातेदार ओळखण्यासाठी पासबुकावर फोटो लावण्याची युक्ती काढली. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक निघाली, तीही बायकांनी बायकांच्या बळावर उभी केलेली. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणगावात घरोघरी खाणावळी चालवणाऱ्या या बाया वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि व्याजातच बुडून जात. प्रेमाताईंनी त्यांचे गट केले, एकीला दुसरीचा जामीन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिले. हे उदाहरण मी मुद्दाम घेते. त्यांनी नवी बँक काढली नाही. आहे त्या बँकेला बायकांचा जामीन मानावयास लावले. तोही एक मार्ग आहे.

परंतु मला सर्वांत आपली वाटते ती सातारा जिल्ह्यातली म्हसवडची गोष्ट. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी. चेतना सिन्हा लग्न होऊन तेथे राहावयास आल्या. त्यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्यापूर्वी घरावर टाकण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा होता, त्यासाठी तिला रोज थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते. तिला कर्ज नको होते, ठेवच ठेवावयाची होती. आणि तेवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास कोणी राजी नव्हते. तेव्हा बायांनी आपलीच बँक काढण्याचे ठरवले आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण असे की, प्रवर्तक सभासदांत अंगठा उठवणाऱ्या बायाच अधिक.

आपण काय केले असते? डोळे पुसून घरी आलो असतो. त्या बायांनी साक्षरतेचे वर्ग लावले. दिवसभर कामे करून संध्याकाळी अक्षरे गिरवली, आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नव्हते म्हणून परवाना नाकारलात. पण हिशेब आम्हाला येतो, एखाद्या रकमेचे व्याज सांगा आणि तुमच्या माणसांशी आमची परीक्षा घ्या, असा त्यांचा सवाल होता. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. सुप्याच्या दंग्यात जो कागद वाचता येत नव्हता म्हणून जाळला गेला, तो कागद सव्वाशे वर्षांनी म्हसवडच्या बाया वाचू लागल्या होत्या. मला यात फार मोठी मजल दिसते.

पुढचा भाग तुम्हाला अधिक आवडेल. बाया म्हणाल्या, पासबुक घरी नको. मालकांनी पाहिले तर पैसे मागतील. मग बँकेने पासबुकाऐवजी कार्डाची सोय केली. बाया म्हणाल्या, बाजाराच्या वेळी बँकेत येणे जमत नाही. मग बँकेची माणसे बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करू लागली. २०१२ च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवावयास आली, कारण जनावरांना चारा नव्हता. तिच्यासारख्या कितीजणी असतील हे ओळखून बँक काढणाऱ्यांच्याच संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी सुरू केली. दागिने ठेवून घेऊन व्याज लावणे अधिक सोपे होते. चांगली बँक कोणती, याचे उत्तर मला या एका प्रसंगात मिळते. कर्ज मागावयास आलेली बाई का आली, हे जेथे विचारले जाते ती.

येथे मी थांबले असते, तर तुम्ही म्हणाल, झाले तर मग. 'महिला' किंवा 'सहकारी' अशी पाटी दिसली की पैसे ठेवावेत. तसे मुळीच करू नका. पाटी रंगवण्यास खर्च थोडा येतो.

पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकही सहकारीच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. चौकशीत निघाले असे की, दिलेल्या कर्जांचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग बांधकामाच्या धंद्यातल्या एकाच समूहाकडे गेलेला. आपल्या पुण्याची रुपी सहकारी बँक शंभरीला आलेली. तिच्यावर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. पुण्यात अशी किती घरे असतील, की ज्यांच्या मुलीच्या लग्नाचे आणि आजारपणाचे पैसे तेथे अडकले. सहकारात प्रत्येक सभासदाला एकच मत असते, शेअर दहा असोत की दहा हजार. केवढा मोठा अधिकार! पण वार्षिक सभेला आपण जातो कोठे? अहवाल घरी आला तर त्याचा उपयोग डब्याखाली कागद घालण्यास होतो. सभासद झोपले की संचालकांना रान मोकळे.

तेव्हा सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. परवाना असलेल्या बँकेतल्या ठेवींना, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खाजगी असो वा सहकारी, ठेव विम्याचे संरक्षण असते. ही योजना देशात १९६२ पासून आहे. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत हा विमा आहे. त्यापूर्वी तो एक लाखाचा होता. पतसंस्था ही मात्र बँक नव्हे. तिची नोंदणी सहकार खात्याकडे असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो आणि हा विमाही तिला लागू नाही. पतसंस्था सगळ्या वाईट असे मी म्हणत नाही. अडल्यानडल्याला गावात तीच उपयोगी पडते. पण जमीन विकून आलेली रक्कम एक टक्का जास्त व्याजाच्या मोहाने सगळीच्या सगळी तेथे ठेवणे शहाणपणाचे नाही. आणि वर्षा-दोन वर्षांत दामदुप्पट करून देतो म्हणणारा गृहस्थ दारात आला, तर त्याला पाणी द्यावे, चहाही द्यावा, पैसे देऊ नयेत. आवळा देऊन कोहळा काढणारे ते. आपल्या भागात बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्यापासून अशा पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे, हे आपण जाणताच.

बायकांचा गट दिसला म्हणजे तेथे सर्व आलबेल, असेही नव्हे. बांगलादेशात महंमद युनूस यांनी गरीब बायांच्या गटांना बिनतारण कर्ज देण्याचा प्रयोग १९७६ मध्ये सुरू केला. त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना आणि बँकेला मिळून मिळाले. पण तीच गटाची युक्ती नफ्यासाठी धावणाऱ्या कंपन्यांनी उचलली. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका बाईच्या अंगावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे झाली. वसुलीचा जाच इतका वाढला की आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तेथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकीच्या हप्त्यासाठी दुसरीने तिच्या दारात जाऊन बसावे, हा जामीन नव्हे, ही चौकीदारी झाली. आणि मिळणारे व्याज कोठल्या कोठे दूर जाते.

व्याजाचा एक हिशेब येथेच करू, कारण यात शिकल्यासवरलेली माणसेही फसतात. समजा दहा हजार रुपये घेतले आणि बारा सारख्या मासिक हप्त्यांत मुद्दल फेडले. व्याज वर्षाला बारा टक्के. जर व्याज उरलेल्या मुद्दलावर धरले, तर वर्षाचे एकूण व्याज होते ६५० रुपये. पण तेच व्याज 'फ्लॅट', म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर धरले, तर होते १,२०० रुपये. दर एकच, बारा टक्के. पण जवळजवळ दुप्पट पैसे. सहाव्या महिन्यात आपण निम्मे पैसे परत केलेले असतात, तरी व्याज सगळ्यावरच चालू! म्हणून कोणीही कर्ज देऊ केले, तर नुसता दर विचारू नका. "उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या रकमेवर?" असे विचारा. या एका प्रश्नाने समोरचा माणूस तुम्हाला मान देऊ लागतो.

आता माझ्याच वहीकडे येते. दुसऱ्यांची उणीदुणी काढावयाची आणि आपले झाकून ठेवावयाचे, हे बरे नव्हे. आपल्या गटात आपण शेकडा दोन दराने व्याज घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. गट सुरू झाला तेव्हा बाहेर शेकडा पाचाने पैसे मिळत होते, म्हणून दोन हा दर सगळ्यांना स्वस्त वाटला, आणि तो होताही. आपण म्हणतो, व्याज आपल्याच गटात राहते, बाहेर जात नाही. हे खरे आहे. परंतु वही नीट पाहिली म्हणजे दिसते की, वारंवार कर्ज घेणाऱ्या त्याच त्या पाच-सहाजणी आहेत. कोणाचा नवरा आजारी, कोणाला शेत नाही. आणि वर्षाअखेरीस व्याजाचा वाटा आपण सगळ्यांत सारखा वाटतो. ज्यांनी कधी कर्ज घेतलेच नाही त्यांना तो नफा होतो. म्हणजे नडलेलीच्या घरातून पैसा निघतो आणि नड नसलेलीच्या घरात जातो. मग त्या दूरच्या कंपनीत आणि आपल्यात फरक तो कितीसा राहिला?

हे कोणाला लावून बोलत नाही. मीही त्या वाट्याची भागीदार आहे. पण आपली पैशाची जागा चांगली असावी असे म्हणताना पहिली जागा आपलाच गट आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून पुढल्या मासिक सभेपुढे मी एक सूचना मांडणार आहे. औषधपाणी, शाळेची फी आणि धंद्याचे भांडवल यांसाठीचे व्याज शेकडा एक करावे. दहा हजारांवर वर्षभरात गटाला १,३०० ऐवजी ६५० रुपये मिळतील. वाटा कमी होईल, होऊ द्या. दिवाळीला एक साडी हलकी घेऊ.

काहीजणी म्हणतील, व्याज कमी केले तर गटाची गंगाजळी कशी वाढेल? त्याला उत्तर आहे. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडून देण्याचे काम चालवले आहे. दरमहा बैठक, नियमित बचत, आपापसांत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला बँक कर्ज देते. 'उमेद' अभियानातल्या गटांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये आणि त्यांचे बचत खाते अडकवून ठेवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मघाशी सांगितलेल्या आमच्या शेजारणीला एकटीला सातबारा मागितला. ती गटातून गेली तर आपली वहीच तिचा सातबारा होईल. एरवी मोठ्या बँकेकडे आपण हात जोडून जातो, तेथे हिशेब पुढे ठेवून जाऊ.

तेव्हा त्या तरुण सुनेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. सर्वगुणसंपन्न बँक शोधत बसू नये. वरसंशोधनात तसा वर मिळत नाही, मग बँक कोठून मिळणार? पैशाच्या तीन वाटण्या कराव्यात. रोजच्या नडीपुरता पैसा आपल्या गटात, कारण तेथे घेणारी आणि देणारी एकमेकींना ओळखतात. मोठी रक्कम विमा असलेल्या बँकेत, आणि ती पाच लाखांहून अधिक असेल तर दोन बँकांत. आणि थोडा भाग एखाद्या चांगल्या चाललेल्या सहकारी बँकेच्या शेअरमध्ये. त्यातून भरभराट व्हावी म्हणून नव्हे, सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क मिळावा म्हणून.

आणि पैसे ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, परवाना रिझर्व्ह बँकेचा आहे का आणि ठेव विमा आहे का? दुसरा, कर्जे कोणाला दिली. पुष्कळांना थोडी थोडी, की थोड्यांना पुष्कळ? जर्मनीतली जीएलएस बँक १९७४ मध्ये आणि हॉलंडची त्रिओदोस बँक १९८० मध्ये याच विचाराने निघाली, की ठेवीदाराला आपला पैसा कोणत्या कामाला लागला हे कळावे. आणि आपली कर्जे कोणाकडे गेली हे त्या उघड करतात. तिकडे हे जमते, तर इकडे निदान विचारता तरी येईल. तिसरा प्रश्न, थकबाकी किती आणि लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता? आणि चौथा, माझ्यासारख्या बाईला येथे कर्ज मिळेल का, आणि त्यासाठी काय लागेल? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना साहेबांच्या कपाळावर आठी पडली, तर समजावे की आपली ठेव येथे पाहुणी म्हणून नव्हे, मोलकरीण म्हणून राहणार आहे.

एक शेवटची विनंती. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा बहुधा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. लावणीची धांदल त्या वेळी सरलेली असते आणि भात अजून शेतात उभे असते. वेळ नाही म्हणावयास जागा नाही. यंदा ज्या ज्या संस्थेत आपल्यापैकी कोणी सभासद असेल, तेथे दोघी-दोघींनी जोडीने जावे. एकटीला बोलताना संकोच वाटतो, दोघी असल्या की वाटत नाही. अहवाल आधी मंडळात आणावा, आपण तो मिळून वाचू. न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारावी आणि तोच शब्द सभेत विचारावा. म्हसवडच्या बायांनी अक्षर गिरवण्यापासून सुरुवात केली. आपल्याला अक्षरे येतात. आता फक्त मोठ्याने वाचावयाचे आहे.

व्याजाच्या सूचनेवर पुढल्या सभेत भरपूर वाद घालावा, पण सर्वजणींनी यावे.